शुद्ध मीठ

सिहेमने पुढे जो डूख धरला त्याचं मूळ बाळंतिणीच्या पलंगाशी होतं.

दोर्साफ जन्मून तेव्हा नऊ दिवस झाले होते. सफाक्स शहराच्या रीतीप्रमाणे सिहेमच्या आईने तीळ, मध आणि लोणी घोटून झ्रीर केला होता, आणि बाळ बघायला येईल त्याच्या हातात त्याचा छोटा पेला ठेवला जात होता. सी लमजेदही, म्हणजे लमजेदसाहेबही, आले. समुद्रकाठच्या संशोधन संस्थेतले विभागप्रमुख आणि सिहेमचे मार्गदर्शक. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून त्यांनी उशाशी चांदीचा पंजा ठेवला, दोन पेले झ्रीर चाटूनपुसून खाल्ला आणि बोटं रुमालाला पुसत म्हणाले, "आता काही महिने तू फक्त बाळाकडे बघ, पोरी. काम थांबायला नको म्हणून तुझ्या प्रयोगांच्या वह्या तेवढ्या घेऊन जातो. तुझ्या डोक्याला ताप नको."

पाच वह्या होत्या. कपाटाच्या वरच्या फळीवर, डावीकडे. सिहेमने स्वतःच आईला जागा सांगितली.

"परत देतील ना गं?" ते गेल्यावर आईने विचारलं.

"मा, सी लमजेद आहेत ते! काहीतरीच काय बोलतेस!"

जूनमध्ये शोधनिबंध छापून आला. दोर्साफला मांडीवर थोपटत सिहेमने तो फोनवर वाचला, मग पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचला, मग शेवटचे आभारही वाचले. आभारात फ्लास्क हलवणाऱ्या शेकरची मोटर दुरुस्त करणाऱ्या माणसाचं नाव होतं. तिचं कुठेच नव्हतं. तिने शोधलेल्या जीवाणूचं नावसुद्धा बदललं होतं. तिने त्याला 'स-१४' म्हटलं होतं, कारण सव्वाशे नमुन्यांतला तो चौदावा. छापून आला तो 'ल-१'.

त्या दिवसापासून मनातल्या मनात ती त्यांना अरेतुरे करू लागली. तोंडावर मात्र सी लमजेद, तुम्ही, आपण.

सप्टेंबरात ती कामावर परतली तेव्हा तिच्या टेबलावर दुसऱ्याचंच सामान होतं. लमजेदने तिला खोलीत बोलावून कॉफी पाजली.

"बाळ लहान आहे. तुला धावपळ झेपायची नाही," तो म्हणाला. "पहिल्या वर्षाच्या पोरांची प्रात्यक्षिकं घे तू. दोनला सुटशील."

"आणि निबंध, सी लमजेद?"

"हो गं, घाई झाली. पुढच्या वेळी बघू. तुला नोकरी आहे, नवरा आहे, देवाने मुलगी दिली. आणखी काय पाहिजे?"

सिहेमने कॉफी संपवली. कपात थेंबही ठेवला नाही. ती काहीच बोलली नाही म्हणून लमजेदला वाटलं, प्रकरण मिटलं. सिहेमला ओळखणाऱ्या कुणालाही तसं वाटलं नसतं. पाळण्यातल्या मुलीचा श्वास चालू आहे ना, हे ती दुपारच्या झोपेतही चार वेळा उठून बघायची. जिथे काही चुकू शकतं तिथे तिची नजर आधी जायची. ती नजर आता लमजेदच्या निबंधावर बसली.

निबंधातला दावा असा होता. खारट पाण्यात पेशी टाकली की तिच्यातलं पाणी बाहेर ओढलं जातं आणि ती मिठातल्या लिंबासारखी सुरकुतते. तग धरायचा तर पाणी धरून ठेवणारं एखादं निरुपद्रवी रसायन पेशीत भरून घ्यावं लागतं. काही जीवाणू ते स्वतः घडवतात. बाकीचे आजूबाजूला कुणी मेलं, फुटलं, पाझरलं, की त्याच्यातलं उचलतात. तेवढ्यासाठी त्यांच्या कवचात खास दारं असतात. ल-१ हा म्हणे घडवणारा. साखर, थोडे क्षार आणि मीठ एवढ्यावर तो मजेत वाढतो. बाहेरून रक्षक रसायनाचा कणही द्यावा लागत नाही. असा जीवाणू खाऱ्या विहिरींवरच्या जवाच्या शेतात सोडला तर मुळांना आधार मिळेल. राजधानीत या दाव्याचं फार कौतुक झालं. लमजेदला संचालक करणार अशी बोलवा सुरू झाली.

दावा मुळात सिहेमचाच होता. म्हणून तर तिला चीड होती.

प्रात्यक्षिकांच्या खोलीत तिला वेळच वेळ होता. फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात तिने बाळंतपणाआधी ठेवलेली स-१४ ची एक नळी तशीच होती. ऑक्टोबरात एका दुपारी, पोरं गेल्यावर, तिने जुन्याच कृतीने मीडियम, म्हणजे जीवाणू वाढवायचं द्रावण, बनवलं. मीठ मात्र त्या खोलीतलं घेतलं, परदेशी कारखान्याचं, पांढऱ्या बाटलीतलं, पोरांना वजन करायला शिकवण्यासाठी ठेवलेलं. जीवाणू सोडला. दुसऱ्या दिवशी फ्लास्क नितळ. तिसऱ्या दिवशीही नितळ.

तिने पुन्हा केलं. सात वेळा केलं. सातही वेळा स-१४ वाढला नाही.

सातव्या वेळी ती स्टुलावर बसली. फरक एकच होता. मीठ.

मोठ्या प्रयोगशाळेत मीठ विकत घेतलंच जात नसे. सफाक्समध्ये मीठ विकत घ्यायचं? शहराच्या दक्षिणेला मैलोन् मैल मिठागरं पसरलेली असताना? वर्षानुवर्षं अम हेदी, म्हणजे हेदीकाका, तिथले जुने तंत्रज्ञ, आपल्या मेव्हण्याकडून मिठागरातलं पोतं आणायचे. सिहेमनेही तेच वापरलं होतं. भट्टीत वाळवलं, चाळलं, झालं शुद्ध. आणि ते पोतं कुठल्या तळ्यातलं? शेवटच्या. सगळ्यात खारट, तांबड्या तळ्यातलं. ते तळं तांबडं होतं तेच मुळी कोट्यवधी सूक्ष्म जिवांमुळे. ते मरतात, फुटतात आणि त्यांनी आयुष्यभर घडवलेलं रक्षक रसायन मिठाच्या खड्यात अडकून राहतं.

तिने पोत्यातलं वाटीभर मीठ मागून आणलं आणि मद्यार्कात धुतलं. मीठ त्यात विरघळत नाही, ते रसायन विरघळतं. धुतलेल्या मिठात स-१४ मुकाट मेला. मद्यार्क उडवून तळाशी राहिलेला चिकट थेंब शुद्ध मिठाच्या फ्लास्कात टाकला, तर सकाळी फ्लास्क ताकासारखा गढूळ.

म्हणजे स-१४ काहीच घडवत नव्हता. तो उचलत होता. किलोभर मिठात चिमूटभरही नसेल एवढं तो शोधून, ओढून, साठवत होता. आयत्या बिळावरचा नागोबा. त्याला आपलं नाव देणाऱ्याला तो शोभतो, असं तिच्या मनात आलं आणि कित्येक महिन्यांनी तिला हसू फुटलं.

हसू लगेच ओसरलं. चूक आधी तिची होती. पाचही वह्यांत तिच्या हाताने लिहिलेली. निबंधावर तिचं नाव असतं तर ती आज लाजेने मेली असती. पण नाव नव्हतं! खोडताना लमजेदने तिचं श्रेय घेतलं, तशी तिची चूकही अंगावर घेतली होती, आणि त्याला पत्ताच नव्हता. तिने नवी वही काढली. प्रत्येक पानावर तारीख घातली. आणि कुणाला काही सांगितलं नाही. तिला आता एकच हवं होतं. तो निबंध हातात घेऊन लमजेद चार माणसांत तोंडघशी पडावा, आणि तेव्हा आपण त्याच खोलीत असावं.

फेब्रुवारीत संधी चालून आली. राजधानीतून तीन जणांची समिती येणार होती. सोमवारी त्यांच्यासमोर प्रयोग मांडायचा, फ्लास्कांना मोहरा लावायच्या आणि गुरुवारी निकाल बघायचा. मग अनुदान. मग संचालकपद.

"आणि हे बघा," बैठकीत लमजेद म्हणाला, "ते मेव्हण्याचं पोतं आधी इथून हलवा. समितीच्या बाई कडक आहेत. पोत्यातलं मीठ बघितलं तर म्हणतील, सफाक्सी लोकांनी कंजूषपणाची हद्द केली. परदेशी मागवा. सगळ्यात शुद्ध, सगळ्यात महाग."

"एवढी वर्षं पोत्यानेच भागलं की," अम हेदी पुटपुटले.

"हेदी, लग्नात आपण घरातल्या चपला घालून जातो का?"

सगळे हसले. सिहेमही हसली. टेबलाखाली तिने स्वतःच्या मांडीत नखं रुतवली होती.

तिला काहीच करायचं नव्हतं. बाटली बदलायची नव्हती, नळीत थुंकायचं नव्हतं. फक्त गप्प बसायचं होतं. आणि ते किती कठीण जातं हे तिला त्या आठवड्यात कळलं. प्रश्नाचं उत्तर ठाऊक असूनही हात खाली ठेवायचा, असं ती शाळेपासून कधी वागली नव्हती. तिला झोप लागेना. दोर्साफला भरवताना चमचा हातातच राहायचा आणि पोरगी तोंड उघडून वाट बघत रडायची.

शनिवारी अम हेदी प्रात्यक्षिकांच्या खोलीत आले. दाराशी उभे राहून म्हणाले, "सिहेम, पोतं हलवा म्हटल्यावर तुझ्या तोंडावर काय आलं ते मी बघितलं."

"काय आलं?"

"आमच्या मांजराच्या तोंडावर येतं ते. मासेवाल्याची सायकल गल्लीत वळली की." ते स्टूल ओढून बसले. "तू ऑक्टोबरात वाटीभर मीठ नेलंस. त्यात काहीतरी आहे. हो ना?"

"मिठात मीठ असतं, अम हेदी."

"सोमवारी काही वाईट होणार असेल तर सांग त्यांना. मला निवृत्तीला दोन वर्षं आहेत, पोरी. ही प्रयोगशाळा बंद पडली तर मला कुठे बसवतील? फाटकावर?"

सिहेमने हातातलं भांडं खाली ठेवलं. "माझ्या नळ्यांवरची लेबलं कुणी बदलली? 'स' काढून 'ल' कुणी लिहिला? अक्षर तुमचं आहे."

म्हातारा गोरामोरा झाला. "सांगितलं त्यांनी. मी नाही कसं म्हणणार?"

"नाही म्हणायचं नव्हतं. मला एक फोन करायचा होतात. बाळ कसं आहे, एवढं विचारायला केला होतात ना? त्यातच सांगायचं होतंत."

अम हेदींनी दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. मग उठले. "तू माझं तोंड बंद केलंस. जा, नाही सांगत मी. पण एक ऐक. राग हा असा मासा आहे की दोन दिवस टोपलीत ठेवला तर आधी आपल्याच घरात वास सुटतो."

"मी आठ महिने ठेवलाय," सिहेम म्हणाली. "आता सवय झाली."

सोमवारी समिती आली. अध्यक्षा रौधाबाई साठीच्या, बुटक्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी स्वतः मिठाच्या बाटलीचं सील फोडलं, स्वतः वजन केलं. तीन फ्लास्क खारट, तुलनेसाठी एक बिनमिठाचा. जीवाणू सोडला, बुचांवर कागद चिकटवून सह्या केल्या. लमजेद नव्या सुटात होता आणि एखाद्या नवरदेवासारखा सगळ्यांकडे बघून हसत होता. जाताजाता तो दाराशी उभ्या सिहेमजवळ थांबला.

"सगळं ठीक ना? तुझा हात या कामावर बसलेला आहे म्हणून विचारतो."

तो क्षण होता. एका वाक्यात तो वाचला असता. त्याच्या कपाळावर बारीक घाम होता. तोही घाबरलेला होता. सिहेमने ते पाहिलं. आणि तिला दया आली नाही. येईल असं तिला वाटत होतं, म्हणून तिने क्षणभर वाटही पाहिली. नाही आली.

"मीठ अगदी शुद्ध आहे, सी लमजेद," ती म्हणाली.

गुरुवारी दहा वाजता इन्क्युबेटरचं दार उघडलं. बिनमिठाचा फ्लास्क दाट गढूळ. बाकी तीन असे नितळ, की पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यांतून वाचता येत होतं.

रौधाबाईंनी चष्मा चढवला, एक फ्लास्क उजेडात धरला, हलवला. "सी लमजेद, यात तर मी माझा चष्मा धुऊ शकते."

"शेकर!" लमजेद म्हणाला. "शेकर बिघडलेला असणार."

"बिघडला असता तर चौथा कसा वाढला?"

"मग नळी. हेदी, नळी कुठली घेतलीत तुम्ही?"

"तुम्ही हातात दिलीत ती," अम हेदी म्हणाले.

लमजेदने सगळ्यांकडे एकेकदा पाहिलं. त्याची नजर दाराशी आली, सिहेमवर थांबली, आणि बुडत्याला फळी दिसावी तसा त्याचा चेहरा उजळला.

"खरं सांगतो, बाई," तो म्हणाला. "हा जीवाणू मी शोधलेला नाही. या सिहेमने. मूळ प्रयोग सगळे हिचे, वह्या हिच्या. हिच्यावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला. माझा गुन्हा काय तो एवढाच."

सिहेमने ठरवलं होतं की दाराशी उभं राहायचं, बघायचं आणि घरी जायचं. आठ महिने ती ज्या नावासाठी जळत होती ते तो चारचौघांत परत देत होता. सडलेलं झाल्यावर, केराच्या टोपलीत टाकल्यासारखं. पण तिची ती नजर, चूक आधी बघणारी, तेवढी जागी राहिली. लमजेदने आत्ता काय केलं, हे लमजेदच्या आधी तिला कळलं.

ती पुढे आली. "बरोबर बोलताहेत ते. जीवाणू माझा आहे."

"तुमचा?" रौधाबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "निबंधात तुमचं नाव नाही."

"नाही. म्हणूनच आत्ता लिहून घ्या. तुमच्या अहवालात."

"हो, हो, घ्या ना लिहून!" लमजेद म्हणाला. हात धुवायला पाणी मिळालेल्या माणसासारखा.

"नमुना हिने आणला?" रौधाबाईंनी विचारलं.

"हिनेच."

"वेगळा हिने केला? प्रयोग हिचे? निष्कर्ष?"

"सगळं हिचंच, बाई. एकूण एक."

रौधाबाईंनी लिहिलं, पान त्याच्यापुढे सरकवलं. लमजेदने वाचलंसुद्धा नाही. झोकदार सही केली आणि खाली तारीख घातली.

शाई वाळेपर्यंत सिहेम थांबली. मग खांद्याच्या झोळीतून तिने वही काढली. वहीबरोबर दोर्साफचा एक चिमुकला मोजा बाहेर आला, तो तिने घाईने आत कोंबलं. "निष्कर्ष चुकीचा होता. तोही माझाच. चूक मी ऑक्टोबरात पकडली. हा घडवणारा नाही, बाई. हा उचलणारा आहे. पण इतक्या थोड्यातून उचलणारा मी कुठे वाचलेला नाही. बघा."

रौधाबाई उभ्याउभ्याच वाचू लागल्या. चार पानं झाल्यावर त्यांनी खुर्ची मागितली. दहाव्या पानावर विचारलं, "तो मद्यार्कातला थेंब आहे तुमच्याकडे?"

होता. फ्रीजमध्ये, बाटलीवर तारखेसकट. रौधाबाईंनी स्वतः एका नितळ फ्लास्कचा कागद फाडला, थेंब टाकला, पुन्हा सही केली. दुपारची गाडी त्यांनी सोडून दिली. शुक्रवारी सकाळी तो एकच फ्लास्क गढूळ होता आणि शेजारचे दोन जसेच्या तसे.

लमजेद रात्रभरात सावरून आला होता. "म्हणजे आमच्या प्रयोगशाळेने," तो दोन्ही हात पसरून म्हणाला, "खरं तर त्याहून मोठा—"

"तुमच्या कुणाच्या?" रौधाबाई म्हणाल्या. "काल तुम्ही सही केलीत, सी लमजेद. एकूण एक. शब्द तुमचाच आहे."

तो अहवालाच्या पानाकडे बघत राहिला. मग सिहेमकडे. तिने नजर वळवली नाही. हेच बघायला ती आठ महिने थांबली होती, आणि ते अगदी तिने कल्पिलं होतं तसंच होतं: आधी कान लाल झाले, मग मान, मग तो एकदम पाच वर्षांनी म्हातारा दिसू लागला. तो दार ढकलून निघून गेला. बाहेर त्याने कुणावर तरी आवाज चढवला, कशावरून ते कळलं नाही.

रौधाबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी वही मिटली आणि सिहेमला समोर बसवलं.

"ऑक्टोबरात कळलं होतं तुला."

"हो."

"सोमवारी मी इथे त्या मिठाचं वजन करत होते. तू दारात उभी होतीस. फ्लास्क वाढणार नाहीत हे तुला माहीत होतं."

"होतं."

"तिघांचे चार दिवस गेले. या निकालावर पेरणीचं नियोजन करणारी माणसं राजधानीत वाट बघताहेत. एक शब्द बोलली असतीस तर तेव्हाच भागलं असतं. का नाही बोललीस?"

सिहेमला पुष्कळ उत्तरं सुचली. घाबरले होते. लहान मूल आहे. माझं कोण ऐकणार? सगळी थोडी थोडी खरी होती, आणि कुठलंही चाललं असतं. बाई ते ऐकायला तयारही दिसत होत्या.

"त्यांना पडताना बघायचं होतं मला," ती म्हणाली.

अम हेदी काचेची भांडी विसळत होते. नळ त्यांनी बंद केला.

"हे मी लिहिलं तर यंदाचं अनुदान तुलाही मिळणार नाही," रौधाबाई म्हणाल्या. "जीवाणू तुझ्या नावावर राहील. त्याच्याखाली हेही राहील. जो कुणी तुला पुढे काम देईल तो हे वाचेल."

"लिहा."

"विचार कर. संध्याकाळपर्यंत वेळ आहे."

"केलाय, बाई. लिहा."

रौधाबाईंनी पेनाचं टोपण काढलं. माहिती दडवल्याची एक ओळ लिहिली, थांबल्या, 'अनवधानाने' असा शब्द घातला आणि पान तिच्याकडे फिरवलं. त्यात त्यांची माया होती, हे सिहेमला कळलं. तिने पेन मागून घेतलं, तो शब्द सरळ रेघेने खोडला, वर 'जाणूनबुजून' असं लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव घातलं.